विंच, सोलापुरी चादर आणि यारीवाले तात्या : तीन दिवसांची जिल्हाफेरी

दिवाळीत आमच्या थार जीपला पुढं विंच बसवला, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचा मोटरवरचा दोराचा ड्रम, तेव्हापासून घरात एकच प्रश्न, "सोलापुरात हे कशाला?" बायकोचं म्हणणं तसं बरोबरच होतं, इथं ना डोंगर ना जंगल, आणि पाऊस आमच्याकडं हातावर पाणी टाकून जातो. "कपडे वाळत घालायला दोरी झाली एक," म्हणून तिनं विषय संपवला. मला पण खरं सांगायचं तर उत्तर माहीत नव्हतं, हौस होती बस. मग संक्रांत झाली, होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत पोरांना पाळण्यात बसवून झालं, पुण्याचा मेहुणा आलेलाच होता, भाचा कॉलेजला दांडी मारायला एका पायावर तयार, म्हणलं चला तीन दिवस जिल्हाच फिरून येऊ. सोलापूर, नान्नज, बार्शी, करमाळा, उजनीचा काठ, पंढरपूर, मंगळवेढा आणि परत घरी. मध्ये परंड्याला धाराशिव जिल्हा लागतो तेवढं सोडून बाकी सगळं आपल्याच जिल्ह्यात.

विंच 9500 पौंडाचा आहे, म्हणजे साधारण 4300 किलो. घेताना हिशोब एवढाच करायचा की माणसं-सामानासकट गाडीचं जेवढं वजन भरतं त्याच्या किमान दीडपट ओढ विंचला पाहिजे. माझी गाडी भरून सव्वादोन टनाच्या आसपास जाते, तर साडेतीन टन पुरलं असतं. दोर मी स्टीलचा घेतला, सिंथेटिकपेक्षा स्वस्त म्हणून. बरोबर चामड्याचे हातमोजे, दोन बो शॅकल म्हणजे पिन लावायच्या लोखंडी कड्या, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, कप्पी म्हणजे स्नॅच ब्लॉक, फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप. ओढताना दोरावर टाकायला एक जड ब्लँकेट लागतं, दोर तुटला किंवा सुटला तर त्याची उडी तिथंच मरावी म्हणून. ते विकत मिळतं. पण सोलापुरात राहून ब्लँकेट विकत घ्यायचं म्हणजे लाजच की, कपाटातली एक जुनी जाड सोलापुरी चादर उचलली आणि डिकीत टाकली. बायकोला विचारलं नाही. ते पुढं येतंय.

दिवस पहिला : नान्नज, वैराग, बार्शी

सकाळी सातला निघालो, थंडी चांगलीच होती, बार्शी रोडला लागल्यावर काच खाली करून भाचा दात वाजवत बसला पण काच वर घेईना. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, 1979 सालचं. माळढोक दिसतो का असं तिथल्या माणसाला विचारलं की तो नुसता हसतो, त्यातच काय ते समजून घ्यायचं. काळवीट मात्र मस्त दिसले, एक काळाभोर नर आणि मागं माद्या, पिवळ्या गवतात मान वर करून आमच्याकडं बघत उभे. मेहुणा म्हणाला, "दाजी, हे पुण्यात असतं तर तिकीट लावलं असतं." नान्नज द्राक्षाचंही गाव, सोनाका जात इथलीच. बागा भरलेल्या होत्या, पण मणी अजून आंबट, आठ-पंधरा दिवस लवकर गेलो आम्ही.

वैरागच्या अलीकडं शाळेतल्या मित्राचं रान आहे, तिथं थांबलो ते विंचसाठीच. फिटरनं विंच बसवताना दोर नुसता बटण दाबून गुंडाळून दिला होता, ताण न देता. बघायला छान, पण आतून सगळा ढिला. माझी आजी पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीत, आयुष्यभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, ती म्हणायची सैल भरलेली कांडी मागावर गेली की धागा धाग्यात रुततो आणि मग माग बंद करून बस उसवत. विंचचं अगदी तेच. वरचा वेढा ताणाखाली खालच्या सैल वेढ्यात घुसतो, अडकतो, नाहीतर दोर चिरडतो. म्हणून नवा विंच आला की पहिलं काम, सगळा दोर मोकळा करायचा आणि ताणावर परत भरायचा.

मित्राच्या रानात बांधावर कडुनिंब होता, थोडा चढ होता. झाडाला पट्टा बुडाशी लावला, उंच नाही. दोर थेट झाडाला गुंडाळून त्याचा हूक त्याच्याच दोरात अडकवायचा नाही, झाड सोललं जातं ते वेगळंच पण दोर तिथं मोडतो. पट्ट्याची दोन्ही टोकं शॅकलमध्ये, शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागं, नाहीतर ताण बसल्यावर ती पिन सुटता सुटत नाही. ड्रमवर शेवटचे पाच वेढे राहू द्यायचे, कारण दोराचं टोक ड्रमला ज्या स्क्रूनं धरलेलं असतं त्याच्यात काही जीव नसतो, धरून ठेवतात ते वेढे. मी त्या जागी लाल ऑइलपेंट लावला. मग गाडी न्यूट्रलला, मेहुणा ब्रेकवर हलका पाय ठेवून, मी रिमोट घेऊन बाजूला, अशी गाडी स्वतःलाच ओढत चढावर गेली आणि दोर शेजारी शेजारी घट्ट बसत गेला. दोर ज्याच्यातनं ड्रमकडं आत जातो त्या रोलरजवळ हूक यायला लागला की हातानं धरायचा नाही, हुकाला पट्टीचा तुकडा बांधून तो धरायचा, आणि हात रोलरपासून निदान हातभर लांब.

अजून एक गोष्ट जी मला दुकानात कुणी सांगितली नव्हती. विंचवर जो आकडा लिहिलेला असतो ती ओढ ड्रमवर दोराचा एकच थर असताना मिळते. वर थर चढत गेले की ओढ कमी होत जाते, ड्रम भरलेला असला तर चांगलीच कमी. त्यामुळं जवळचं झाड दिसलं की लगेच खूश व्हायचं नाही, लांबचं झाड चांगलं. नाहीतर कप्पी लावून दोर परत गाडीकडं आणायचा, ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

ह्या सगळ्यात दुपारचे दोन वाजले. मित्राच्या आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याचं भरीत असं पुढं ठेवलं की भाच्यानं विंचबद्दल पहिल्यांदा चांगलं बोलून दाखवलं. बार्शीत भगवंताचं दर्शन घेतलं, मुक्काम करमाळ्याला, रात्रीचं जेवण लिहिण्यासारखं नव्हतं.

दिवस दुसरा : करमाळा आणि उजनीचा काठ

करमाळ्याच्या कमलाभवानीला सगळं 96 च्या हिशोबात आहे. मंदिराला 96 खांब, जवळच्या बारवेला 96 पायऱ्या. भाच्यानं मोजायला सुरुवात केली आणि सत्तरच्या आसपास फोन आला म्हणून विसरला, परत मोजायची तयारी नव्हती त्याची. बारवेत सकाळी कुणी नसतं, खाली गेलं की हवा एकदम गार, पारव्यांचा आवाज तेवढा.

तिथनं केत्तूरच्या बाजूला, उजनीच्या पाण्यावर. धरण 117 टीएमसीचं आहे, भरलं की पाणी मागं किती लांब जातं ते नकाशात बघण्यापेक्षा काठावर उभं राहून बघावं, समुद्रच वाटतो. जानेवारीपासून पाणी हळूहळू मागं सरकतं, गाळ उघडा पडतो आणि रोहित पक्षी येतात, म्हणजे फ्लेमिंगो. आम्हाला शे-दीडशे तरी दिसले, लांबून नुसती गुलाबी रेघ, एका होडीच्या आवाजानं उठले तेव्हा पंखाखालचा लाल रंग दिसला आणि मेहुण्यानं मोबाईल खाली ठेवून नुसतं बघितलं, हे त्याच्या बाबतीत मोठी गोष्ट.

इथं एक सांगून ठेवतो, गाळाची जमीन फसवी असते. वरून भेगा पडलेल्या, चालून बघितलं तर टणक, आणि चाक गेलं की खाली लोण्यासारखी. गाडी वरच ठेवायची, काठापर्यंत पायी जायचं.

हे ज्याला माहीत असायला पाहिजे तो मासेवालाच अडकला होता. पिकअप भरून चिलापी, वर बर्फ, मागची दोन्ही चाकं गाळात रिमपर्यंत. आमची गाडी वर कच्च्या रस्त्यावर उभी, पुढं विंच चमकतोय, आठ-दहा माणसं आणि पोरं जमलेली, सगळ्यांनी आमच्याकडं असं बघितलं की आता नाही म्हणायची सोयच नव्हती. मला पण हौस होतीच की.

बऱ्याच गोष्टी नीट केल्या आम्ही. क्रेट उतरवून घेतले, वजन कमी. माझ्या गाडीच्या चाकांपुढं दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं, कारण पूर्ण जोरावर असला विंच 400 अँपिअरच्या घरात करंट खातो आणि बंद गाडीची बॅटरी बघता बघता बसते. बॉनेट उघडं करून ठेवलं, दोर उलटा आला तर काचेच्या आधी ते आडवं येतं. चादर चौघडी करून पाण्यात भिजवली आणि दोराच्या मध्यावर टाकली, ओली सोलापुरी चादर काय जड होते ते उचलल्याशिवाय कळत नाही. भाच्याला एकच काम, माणसं लांब ठेवायची, दोर जेवढा बाहेर आहे त्याच्या दीडपट. ते सगळ्यात अवघड काम निघालं. एक जण मोटरसायकलवर अगदी दोराशेजारी पाय सोडून बसलेला, म्हणतो, "काय होत नाही हो." एक पोरगं दोरावरनं उडी मारून पलीकडं गेलं आणि परत आलं, खेळच सापडला त्याला. भाचा ओरडून ओरडून लाल झाला.

आणि जिथं बघायला पाहिजे होतं तिथं मीच बघितलं नाही. पिकअपवाल्यानं पुढच्या बंपरखालची एक लोखंडी कडी दाखवली, "इथं लावा, इथंच लावतात." मी शॅकल लावला, हूक अडकवला. खाली वाकून बघितलं असतं तर कळलं असतं की ती कडी गाडी ट्रेलरवर बांधून न्यायची आहे, ओढायची नाही, आणि तिचं वेल्डिंग गंजलेलं.

मी गाडीत बसून खिडकीतनं रिमोट दाबला. दोर सरळ झाला, ताणला, विंचचा आवाज जड झाला, पिकअप एक वीतभर हलली आणि मग जो आवाज आला तो फटाक्यासारखा नव्हता, कुणीतरी मोठी फळी दगडावर आपटावी तसा. कडी उपटून हुकासकट निघाली. दोर उसळला, चादर त्याच्याबरोबर हवेत गेली, मध्येच गुंडाळली आणि सगळं मिळून माझ्या बंपरच्या पुढं तीन-चार फुटावर धप्पकन पडलं. मोटरसायकलवाला जिथं आधी बसला होता तिथनं हूक गेला होता. भाच्यानं त्याला दोनच मिनिटं आधी हाकलला होता.

कुणी काही बोललं नाही. मग पोरं हसायला लागली, त्यांना मज्जा वाटली. मी उतरलो तर गुडघ्यात जोरच नव्हता. चादरीला मध्यभागी मुठीएवढं भोक आणि ग्रीसचा काळा पट्टा.

दुसऱ्यांदा मेहुणा स्वतः गाळात आडवा होऊन पिकअपखाली गेला आणि पट्टा चॅसीच्या दोन्ही बाजूंना घेऊन मध्ये शॅकल लावला, म्हणजे ताण दोन्हीकडं वाटला जातो. आधी चाकांपुढचा गाळ फावड्यानं काढला. एक मिनिट ओढ, थांब, मोटर गार होऊ दे, परत एक मिनिट. ह्या मोटरी सलग चालवायच्या नसतात, हात लावून बघितला तर चटका बसत होता. चौथ्या खेपेला पिकअप बाहेर. मासेवाल्यानं पैसे विचारले, आम्ही नको म्हणलं, मग त्यानं तिथंच काठावर चिलापी साफ करून, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर टाकली. इतका ताजा मासा मी जन्मात खाल्ला नाही, आणि चव काय लागली ते मला आठवत नाही, मनात तोच आवाज.

ह्या गडबडीत अजून एक चूक झाली ती दुसऱ्या दिवशी कळली. अंधार पडायला लागला म्हणून मी दोर घाईघाईत गुंडाळून टाकला. बघितलाच नाही.

दिवस तिसरा : पंढरपूर, मंगळवेढा

रात्री टेंभुर्णीला थांबलो होतो. सकाळी पंढरपूर, मुखदर्शन घेतलं, रांग बरी होती. बाकी ओढ मंगळवेढ्याची. बायकोच्या चुलत्यांचं रान तिथं, काळं खोल रान, मालदांडी ज्वारीचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या माणसाला त्याचं काही कौतुक नाही, त्याला ते आधीपासूनच माहीत होतं. हुरड्यासाठी मात्र बांधाकडेला गुळभेंडीची चार सऱ्या वेगळी पेरलेली. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खोचलेली, काका कणीस बाहेर काढून तळहातावर असं चोळतात की दाणे वेगळे आणि भुस्सा वाऱ्यावर. हाताला भाजतं का विचारलं तर म्हणाले, "भाजतं की, मग काय?" शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, ताक. किती खाल्लं ते लिहीत नाही.

दोनच्या सुमारास निघालो. येताना ज्या गाडीवाटेनं आलो तीच वाट, सकाळी कोरडी होती. पण कालव्याला आवर्तन सुटलेलं, कुठंतरी वर चारी फुटली होती आणि पाणी वाटेखाली मुरलं होतं. वरून काहीच दिसत नव्हतं. दोनशे मीटर गेलो आणि गाडी बसली. फोर बाय फोर लावलं, जरा पुढं, जरा मागं, आणि काळी माती चाकात इतकी भरली की टायरवर नक्षी म्हणून राहिली नाही, चार काळे गोळे नुसते. एक्सल टेकला. जेवढा पाय दाबशील तेवढी खाली. इथं थांबायला पाहिजे होतं, मी अजून दोनदा दाबला.

झाड एकच, बाभळ, लांब आणि भलतीकडं. दोर जेमतेम 26 मीटर. पण समोर थोड्याच अंतरावर नवीन विहिरीचं काम चालू होतं, यारी म्हणजे विहिरीतली माती-दगड वर काढायची क्रेन उभी, मागच्या अंगाला वजनाला दगडं भरलेली, इंजिन धुगधुगतंय, बादली वर येतेय. भाचा म्हणाला, "मामा, यारीला बांधू की, ती हलायची नाही." मला पण तेच सुचलं होतं.

यारीवाले तात्या साठीचे असतील, डोक्याला टॉवेल, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. "खाली चार माणसं हायत. यारीला खालचा भार चालतो, आडवी वढ चालत न्हाई. उलथली म्हंजे?" मला एकदम लाज वाटली. खाली माणसं असतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

पण बादली खाली सोडून, माणसं वर घेऊन, इंजिन बंद करून ते स्वतः आले. चहाची वेळ झालीच होती म्हणाले. आधी विंच बघितला, वाकून, चष्मा काढून. "ह्यानं माणूस उतरतो का हिरीत?" मी म्हणलं नाही, ह्याच्या पुस्तकातच लिहिलंय, माणूस उचलायला किंवा भार टांगायला वापरायचा नाही, ह्याचा ब्रेक त्यासाठी नसतो. "मग वडायचा हाय, उचलायचा न्हाई," म्हणाले आणि मान डोलावली, पटलं त्यांना.

मग म्हणाले दोर काढा. मी क्लच मोकळा करून दोर ओढायला लागलो तर त्यांनी खिशातली एक चिंधी काढली, दोराभोवती धरली आणि दोर त्यातनं सावकाश जाऊ दिला. जिथं चिंधी अडकली तिथं थांबले. एक तुटकी तार बाहेर आलेली, काट्यासारखी. "हाताला कळायच्या आधी चिंधीला कळतं." हुकापासून वावभर अंतरावर मात्र ते थांबले आणि माझ्याकडं बघितलं. दोराला तिथं पीळ बसला होता, आधी वेटोळं पडलेलं आणि तसंच ताणलं गेलेलं, तारा फुगून उलट्या उघडलेल्या. कालचं. दोर उसळला तेव्हा वेटोळं झालं असणार आणि मी ते न बघता पिकअप ओढली. "ह्यो दोर हितं मेलाय. सरळ केला तरी मेलेलाच."

त्यांच्या पेटीत सगळं होतं. पिळाच्या मागं दोर कापला, टोकाला लोखंडी वाटी घालून नवीन डोळा, म्हणजे हूक अडकवायचा फासा केला आणि तीन क्लॅम्प आवळले. भाच्याला जवळ बोलावून दाखवलं, क्लॅम्पचं खोगीर ताणाच्या दोराकडं, यूच्या आकाराचा बोल्ट दोराच्या मोकळ्या शेपटीकडं, उलटं बसवलं तर यू ताणाचा दोर चावतो. तिन्ही एकाच दिशेनं. "ह्ये घरापुरतं. घरी गेलं की बदला." मी घरी आल्यावर अख्खा दोर बदलला, क्लॅम्पचा डोळा कायमचा ठेवायचा नसतो, पूर्ण दोराएवढी ताकद त्यात नसते.

तोवर त्यांची पोरं फावडी घेऊन गाडीभोवती लागली होती. तात्यांचं म्हणणं साधं, "तिला चिखलानं धरलीय, आधी त्याच्या हातनं सोडवा, मग वडा." ह्याचा हिशोब मी नंतर घरी बसून केला. चाकापर्यंत रुतलेली गाडी साधारण तिच्या वजनाएवढा विरोध करते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. म्हणजे खोदलं नसतं तर कापून क्लॅम्प मारलेल्या दोरावर सव्वादोन टनाच्या वर ताण आला असता. चाकांपुढं उतार काढला, एक्सलखालची माती ओढून काढली, टायरची हवा 18 वर आणली.

अडकवायला काही नव्हतं म्हणून स्टेपनी गाडली. हे मी वाचलं होतं, कधी केलं नव्हतं. पुढं बांधाजवळ कोरड्या जागेत स्टेपनी उभी मावेल एवढा खड्डा, त्यातनं गाडीकडं येणारा तिरका चर पट्ट्यासाठी. पट्टा रिमच्या मधनं घालून मागं त्यांची पहार आडवी, स्टेपनीचं तोंड गाडीकडं, आणि वरनं माती टाकून धुम्मस. एकट्यानं खोदलं असतं तर दिवस गेला असता, त्यांची तीन पोरं म्हणजे अर्धा तास. रोजचंच काम ते.

ओढायच्या वेळी तात्यांनी सगळ्यांना लांब बांधावर बसवलं. त्यांच्याकडं विहिरीवर नियम असा की बादली वर येताना सांगणारा एकच. "बाकीच्यांनी तोंडात तंबाखू धरायची." चादर दोरावर टाकली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन बघितली, भोकासकट. मी गाडीत, काच वर, रिमोटची वायर चाकात जाणार नाही अशी आत घेतलेली, पहिला गिअर, चाकं अगदी हळू फिरवत. चाकांनी मदत करायची पण गाडी दोराच्या पुढं पळवायची नाही, दोर ढिला पडून परत झटका बसला की सगळं मुसळ केरात. तात्यांचा हात वर, मी दाबतो. हात खाली, मी सोडतो. गाडीनं आधी चिखलातनं पाय काढल्यासारखा एक ओला आवाज केला आणि मग सरळ चालत बाहेर आली. विंच जड झालासुद्धा नाही.

भाच्यानं न राहवून बोटांचं विचारलं. "दोरानं घेतली. हातमोजा व्हता की हातात. ढिल्ला व्हता." एवढंच. मी माझे हातमोजे बघितले, घेताना एक साईज मोठे घेतले होते, आरामशीर वाटतात म्हणून.

पैसे घेईनात. फारच मागं लागलो तर म्हणाले, "ती चादर चांगली हाय बघा. आमच्या इकडं आता असली जाड मिळत न्हाई. परत आला तर एक आना."

माचणूरला भीमेच्या घाटावर थांबायचं ठरलं होतं, पोचेपर्यंत अंधार, पायऱ्यांवर पाच मिनिटं बसून निघालो. घरी आलो तेव्हा बायको अंगणातच होती. चिखलानं भरलेली गाडी बघून काही बोलली नाही, भाचा मात्र उतरल्या उतरल्या चादर हातात घेऊन नाचवत, "मामी, ह्या चादरीनं मामाला वाचवलं." तिनं चादर उलगडली, भोकातनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ही माझ्या आईनं रुखवतात दिलेली."

दुसऱ्या दिवशी जाऊन दोन नवीन आणल्या, जाडातल्या जाड. एक तिला, तिनं अजून घडी मोडलेली नाही. दुसरी गाडीत आहे तात्यांसाठी. ते काम संपवून यारी दुसऱ्या गावाला गेलीय, कुठल्या विहिरीवर ते विचारायला चार दिवस फोन करायलोय, लागत नाही. बहुतेक खाली असतील.